शेवटच्या बाकावरचा श्रोता

५ मार्च

धाकट्या,

‘शेवटचा बाक’ म्हणजे तू आहेस, हे मला काल दुपारी कळलं.

वर ‘प्रिय’ नाही हे तुझ्या नजरेतून सुटणार नाही. आयुष्यभर बॉयलर तपासत आलास, कुठली चकती जागेवर नाही ते तुला आधी दिसतं. लिहून खोडलेलं नाही, लिहिलंच नाही. पत्र टपालानं पाठवतोय, कारण त्या फोनच्या काचेमागे मी आता तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. कागदावर निदान माझं अक्षर तुला ओळखता येईल. तिकडे सगळ्यांचं अक्षर एकाच वळणाचं. भाऊ कोण आणि परका कोण, काही कळत नाही.

यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. पण ते मी तुला सांगितलं नव्हतं, एका अनोळखी माणसाला सांगितलं होतं. म्हणून पहिल्यापासून सांगतो, आता तुझ्या तोंडावर.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत, तिथे आता म्हाताऱ्यांना फोन आणि संगणक शिकवतात. भिंतीला लागून टेबलं, जमिनीवर चिकटपट्टीनं दाबलेल्या वायरी, आणि एकच खिडकी. ती उघडली की कागद उडतात, मिटली की आम्ही पेंगतो. शिकवणारी मुलगी तुझ्या लेकीच्या वयाची. ‘मला नावानं हाक मारा,’ म्हणाली. आम्ही तिला बाई म्हणतो. फळ्यापुढे उभी राहील ती बाई, हे आमच्या हाडात मुरलेलं. त्याला ती तरी काय करणार.

पहिल्या दिवशी म्हणाली, ‘आज आपण प्रत्येकाची ओळख तयार करायची.’

माझ्या शेजारी बसचा निवृत्त कंडक्टर बसतो. तो म्हणाला, ‘बाई, आमची तयार आहे. वापरून वापरून जरा पुसट झालीय, एवढंच.’

पलीकडे निवृत्त नर्स बसते, तिला सगळे सिस्टरच म्हणतात. ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, ‘पुसट कुठली, पंच झालीय तुमची.’

मला तो वर्ग फार आवडला, धाकट्या. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी गृहपाठ दिला. पाटी-दप्तर घेऊन निघाल्यासारखा मी फोन आणि चष्मा घेऊन निघायचो, आणि जिना चढताना एखादी जुनी कविता आपोआप पायांत यायची. पायरीगणिक एक मात्रा. वर पोचेपर्यंत कडवं पुरं व्हायचं आणि दमही लागायचा.

मग बाईंनी सांगितलं, जगाला दाखवावं असं तुमच्याकडे जे असेल ते आपापल्या पानावर मांडा. सिस्टरनं बँडेज कसं गुंडाळायचं ते मांडलं. कंडक्टरनं जुनी तिकिटं मांडली. मी शाळेच्या कविता म्हणायचं ठरवलं. पानाला नाव दिलं ‘पाठांतर’. साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचा, समोर खुर्ची घ्यायची, हात मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचं.

मी छापखान्यात होतो हे तुला माहीत आहे. ते काम कसं असतं, हे तू कधी विचारलं नाहीस. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि समोर बसलेल्यानं छापील कागदावर चुका टिपायच्या. निविदा, निधनवार्ता, हरवलेल्या वस्तू, निवडणुकीच्या याद्या. उभा जन्म मी मोठ्यानं वाचलं आणि उभा जन्म माझ्यासमोर एक माणूस कान देऊन बसला होता. पण तो स्वल्पविराम ऐकत होता. मी काय वाचतोय ते त्यानं कधी ऐकलं नाही. म्हणून घरी आल्यावर मी कविता म्हणायचो. तुझी वहिनी भाजी निवडता निवडता ऐकायची. चुकलो तर बोलायची नाही, नुसता एक देठ वर धरायची.

ती गेल्यावर देठ वर धरणारं कुणी उरलं नाही.

पानावर पहिली कविता टाकली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी खाली एक ओळ आली: ‘आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.’ लिहिणाऱ्याचं नाव ‘शेवटचा बाक’. चेहऱ्याच्या जागी रिकाम्या बाकाचं चित्र. मला वाटलं, कुणीतरी माझ्यासारखाच, मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत मोठा झालेला. मी त्या दिवशी दोनदा जेवलो म्हण ना. इतकी भूक मला वर्षात लागली नव्हती.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. दर आठवड्याला मी एक कविता म्हणायची, आणि त्यानं खाली दोन-चार शब्द लिहायचे. कधी चाल बरोबर आहे म्हणून, कधी तिसऱ्या कडव्यात घाई झाली म्हणून. मग आम्ही खासगीत लिहू लागलो. मी त्याला डॉक्टरांचं सांगितलं. विसरायला लागलोय, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना नाही, क्लासात नाही. त्याला सांगितलं. लिहिलं की, मी रोज सकाळी कविता म्हणतो ती हौस नाही; मी अजून घरात आहे की बाहेर पडलो, हे बघण्यासाठी स्वतःच्याच दारावर थाप मारून बघतो. आणि कुणीतरी ऐकणारं हवं, कारण आतून बोलणाऱ्याला स्वतःची चूक ऐकू येत नाही.

गेल्या आठवड्यात मी नावाड्याची कविता म्हटली. वादळात नाव लोटणारा तो नावाडी, माझ्या तिसरीच्या पुस्तकातला. शेवटपर्यंत न अडखळता म्हटली आणि स्वतःवर खूश झालो. खाली त्याची ओळ आली: ‘शेवटच्या दोन ओळी राहिल्या.’

मी लगेच पुस्तक काढलं. सगळ्या ओळी म्हटलेल्या होत्या. बाईंनी शोधायचं शिकवलं होतं तसं शोधलं, तीन ठिकाणी कविता सापडली, तिन्ही ठिकाणी तिथेच संपत होती. तरी भरवसा वाटेना. माझा माझ्यावर नाहीच, पण पुस्तकावरही वाटेना. त्याला विचारलं, कुठल्या ओळी?

त्यानं लिहिल्या:

‘उशीर झाला तरी चालेल, सावकाश तू ये रे,
ताट झाकुनी ठेवियले बघ, हात धुऊनी घे रे.’

धाकट्या, या ओळी जगातल्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. त्या आईच्या आहेत. आपल्याला मामेभावाचं जुनं पुस्तक मिळालं होतं आणि नावाड्याचं शेवटचं पान फाटलेलं होतं. पोरांनी अर्धी कविता म्हणू नये म्हणून तिनं पोळपाटाशी बसून शेवट केला. ‘ठेवियले’ हा तिचा एकुलता एक दागिना. वादळात प्राण पणाला लावणाऱ्या नावाड्याला तिनं हात धुवायला सांगितले. मी वर्गात त्या ओळी म्हटल्या तेव्हा गुरुजींसकट सगळे हसले, आणि मला खरा शेवट पाठ करावा लागला. तू तेव्हा लहान होतास, आणि तू तिसरीत गेलास तोवर पुस्तकच बदललं होतं. तुला कुणी काही सांगितलं नाही. तू पासष्ट वर्षं समजत राहिलास की ती कविता तशीच संपते.

त्या ओळी पाठ असलेली माणसं तीन. आई नाही. मी लिहिल्या नाहीत.

खाली सही करतो. ती खरी आहे.

दादा


११ मार्च

धाकट्या,

पत्र पोचलं म्हणायचं. काल पान उघडलं तर ‘शेवटचा बाक’ नाही. ‘हे खातं उपलब्ध नाही,’ एवढी राखाडी ओळ. आणि माझ्या कवितांखाली त्यानं लिहिलेलं सगळं साफ. जणू मी सहा महिने रिकाम्या खोलीत ओरडत होतो.

बाईंना विचारलं, असं कसं? ती म्हणाली, ‘ज्यानं लिहिलं त्यानं खातं मिटवलं की त्याचे शब्दही त्याच्याबरोबर जातात.’ छापखान्यात असं नव्हतं. छापलं ते छापलं. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र द्यावं लागे, पण आदल्या दिवसाचा अंक कुणी लोकांच्या घरात शिरून फाडत नसे. तू शिरलास. पहिल्यांदा चोरून आलास आणि जाताना आपलं सामान घेऊन गेलास. त्यातलं निम्मं माझं होतं.

योगायोग बघ, कालचा धडाच खोटी खाती कशी ओळखायची हा होता. बाई फळ्यावर लिहीत होती: चेहरा नाही. खातं नवं. मित्र नाहीत. एकाच माणसाच्या मागे.

मी हात वर केला. ‘एकाच माणसाचं ऐकणं हा खोटेपणा कसा?’

कंडक्टर म्हणाला, ‘खरंय. आमची बायको फक्त शेजारणीचं ऐकते. ती काय खोटी?’

‘ती खरीच आहे,’ सिस्टर म्हणाली, ‘ऐकण्यासारखं ती ऐकते.’

मग मला राहवलं नाही, सांगून टाकलं. भाऊ म्हणून नाही सांगितलं. एक ओळखीचा माणूस म्हटलं. तुझी अब्रू राखली असं समजू नकोस, माझी राखली. सगळ्यांनी एकच विचारलं: ‘पैसे किती नेले?’

‘पैसे नाही मागितले.’

‘मग काय नेलं?’

‘काही नाही. ऐकलं.’

‘फक्त ऐकलं?’ कंडक्टर म्हणाला. ‘अहो, मग तुम्हीच त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. आमच्या घरी पाठवा त्याला.’

सगळे हसले. मीही हसलो. बाई हसली नाही. माझ्या खुर्चीशी येऊन हळू म्हणाली, ‘आजोबा, खोटं खातं म्हणजे माणूस वाईटच असतो असं नाही. पण त्याला तुम्ही दिसता आणि तुम्हाला तो दिसत नाही. तराजू तिथेच वाकडा होतो.’

हेच मला लिहायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. आपल्यात तराजू आधीच वाकडा आहे, हे तिला कुठे माहीत. तुझ्या लेकीच्या लग्नात मी माइक घेतला. मुलीला निरोपाची एक कविता म्हणायची होती, पाच कडव्यांची. दुसऱ्या कडव्यात तू आलास, माझ्या हातातून माइक काढून घेतलास आणि म्हणालास, ‘दादा, पुरे. कुणी ऐकत नाहीये.’ तो माइक चालू होता. तुझं ते वाक्य मात्र सगळ्यांनी ऐकलं. परतीच्या वाटेवर तुझी वहिनी एकच बोलली, ‘उरलेली तीन कडवी मला म्हणून दाखवा.’ ती गेली तेव्हा तू आलास, फाटकाशी उभा राहिलास, गेलास. त्यानंतर आपण बोललो नाही.

आणि मग ज्यानं ‘कुणी ऐकत नाहीये’ म्हटलं तोच शेवटच्या बाकावर येऊन बसला. तोंड झाकून.

मी त्या बाकाला तुझ्याबद्दलही लिहिलं होतं, आठवतं? मला एक भाऊ आहे, त्याच्या कानात शिसं ओतलंय, असं. त्यावर उत्तर आलं, ‘कदाचित त्याला लाज वाटत असेल.’ मी लिहिलं, ‘लाज वाटायला काळीज लागतं.’ दोन दिवस तिकडून काही आलं नाही. मी वेडा, मला वाटलं त्याची तब्येत बिघडली. ‘औषध घेतलंत का’ म्हणून विचारलं. म्हणजे तू दुसऱ्याचा कोट घालून स्वतःची वकिली करायला उभा राहिलास, हरलास, आणि माझ्याकडूनच काळजी करून घेतलीस.

एक विचार सकाळपासून कुरतडतोय. मी डॉक्टरांचं सांगितलं त्यानंतरच ‘आता ही म्हणा, पुढच्या वेळी ती म्हणा’ सुरू झालं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब कविता. तिसरं कडवं घाईत झालं, पाचव्यात एक शब्द बदलला. मी समजत होतो, काय कान आहे या माणसाचा. तो कान नव्हता. तू दाब तपासत होतास. किती वाफ उरलीय, झडप कुठे गळतेय. माझ्यासमोर पुन्हा एक माणूस स्वल्पविराम ऐकत बसला होता.

एवढंच विचारतो. त्यातली एक तरी कविता तू कविता म्हणून ऐकलीस का?

दादा


२० मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. तुझ्या बायकोचा फोन आला.

मी उचलताच म्हणाली, ‘भाऊजी, जेवलात का?’ आम्ही तीन वर्षांत बोललेलो नाही आणि ती अशी बोलली जणू मधे फक्त भांडी घासायची राहिली होती.

मी म्हटलं, ‘जेवतोय.’

‘तुमची पत्रं आलीत. इकडे एक माणूस ती वाचून कपाटात ठेवतो आणि पुन्हा काढतो. कपाटाचं दार करकरतं. मला दुपारची झोप नाही.’

‘तेल घालायला सांग. त्याचंच काम ते.’

‘बघा. तुमच्या दोघांचं मिळून एक माणूस झाला असता ना, तर आम्हा बायकांचं निम्मं काम वाचलं असतं.’

मग तिनं सांगितलं. तू रोज सकाळी गॅलरीत कानात वायर घालून बसायचास. तिला वाटायचं बातम्या. एकदा चहा द्यायला आली तर तुझे ओठ हलत होते. तिनं विचारलं, कुणाशी बोलताय? तू म्हणालास, ‘कुणाशी नाही, पाठ करतोय.’ या वयात कसली परीक्षा, म्हणून ती हसली. हे तिनं मला सांगितलं, आणि मी फोन कानापासून जरा दूर धरला, कारण मला ते ऐकायचं होतं आणि नव्हतंही.

लग्नाचंही बोलली. म्हणाली, माझ्या मागे, मला दिसत नव्हतं अशा ठिकाणी, वऱ्हाडातली चार पोरं माझी नक्कल करत होती. हात असे, मान अशी. लोक त्यांना हसत होते आणि मला वाटत होतं कवितेला दाद मिळतेय. तुला ते बघवेना. ‘म्हणून ते तसं म्हणाले, भाऊजी. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.’

ती चांगली बाई आहे, निरोप्याला का मारायचं. तुला सांगतो.

चार पोरं हसत होती तर हसू द्यायचं होतं. छापखान्यात चाळीस वर्षं माझी नक्कल करत होते, तो छंदच होता तिथला. हसणं मला सोसलं असतं; ते माझं होतं, मला मिळालेलं. आणि मी पाचही कडवी म्हटली असती. पोरं गप्प करायची सोडून तू मला गप्प केलंस. आणि मग मला सांगितलंसही नाहीस. मी इतकी वर्षं समजत होतो की तुला माझा कंटाळा आला. आता कळतं की तुला माझी कीव आली. यातलं कुठलं बरं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. कंटाळ्याला निदान तोंड असतं.

कीव मात्र नेहमी पाठीमागून येते. लग्नात माइक घेताना पाठीमागून आली, आणि फोनमध्येही.

तुझी बायको शेवटी म्हणाली, ‘मी त्यांना फोन देऊ?’

मला आत कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हणजे तू तिथेच होतास. सबंध वेळ तिथेच होतास, ऐकत. काय म्हणू मी तुला? तुझी खोड जात नाही.

मी म्हटलं, ‘नको. त्याला सांग, दूध उतू जातंय इकडे.’

दूध नव्हतं. आज मी खोटं बोललो, पण माझ्या स्वतःच्या आवाजात.

दादा


३ एप्रिल

धाकट्या,

काल क्लास संपला. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं पुढे येऊन आपलं पान सगळ्यांना दाखवायचं आणि काय शिकलो ते सांगायचं. भिंतीवर मोठा पडदा. वाचनालयाचे ग्रंथपालही येऊन बसले होते, खालचे दोन-तीन वाचकही.

सिस्टरच्या पानाला कुठल्या कुठल्या नर्सिंग शाळेतल्या मुली येतात. एकीनं लिहिलंय, ‘मावशी, तुमच्यामुळे पास झाले.’ सिस्टरनं ते वाचून दाखवलं आणि उगाच चष्मा पुसला. कंडक्टरच्या तिकिटांवर दोन माणसं भाड्यावरून भांडतायत, आणि तो म्हणाला, ‘निवृत्त झालो तरी सुट्या पैशांची कटकट आहेच.’

मग माझं पान. पडद्यावर माझाच चेहरा, साखरेच्या डब्याच्या उंचीवरून घेतलेला, नाकपुड्या आधी. एकाखाली एक कविता, आणि प्रत्येक कवितेखाली पांढरी जागा. जिथे पूर्वी काहीतरी होतं हे फक्त मला माहीत. ग्रंथपाल सौजन्यानं म्हणाले, ‘अजून लोकांपर्यंत पोचलं नाही वाटतं.’ मी म्हटलं, ‘पोचलं होतं.’

बाई म्हणाली, ‘आजोबा, एक इथेच म्हणा ना.’

मी उभा राहिलो. डोंगरावरच्या दिव्याची कविता निवडली, सात कडव्यांची, तुला आठवत असेल. आपण पहाटे अंगणात ती ओरडून म्हणायचो आणि आजोबा आतून खाकरायचे. चार कडवी झाली. आवाज चांगला लागला होता. खिडकी मिटलेली होती, कागद उडत नव्हते, कुणी पेंगत नव्हतं. पाचव्याचा पहिला शब्द आला नाही.

आला नाही म्हणजे धाकट्या, जिथे तो असतो तिथे काहीच नव्हतं. विहिरीत पोहरा सोडावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. मी उभा. हात मांडीशी. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, अहो पुढे. कुणीतरी देठ वर धरेल.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं कविता संपली. ग्रंथपाल, बाई, सिस्टर, सगळ्यांनी मनापासून वाजवल्या. कंडक्टर तर उभा राहिला. मी मान लववून खाली बसलो. चार कडव्यांवर. अख्ख्या खोलीत एकालाही माहीत नव्हतं की दिवा अजून डोंगराच्या निम्म्यावरच आहे. इतकी एकटी टाळी मी जन्मात ऐकली नाही.

तेव्हा मला तू हवा होतास. हे लिहिलंय आणि खोडणार नाही. तू दाब तपासायला बसलेला असतास तरी चाललं असतं. कीव करत बसला असतास तरीही. तू म्हणाला असतास, तीन कडवी राहिली, दादा. सगळ्यांसमोर म्हणाला असतास, तुला लाज नाहीच.

याचा अर्थ मी विसरलो असा नाही. मी पुष्कळ गोष्टी विसरतोय, ही विसरत नाहीये. मी ज्याला सगळं सांगितलं तो माणूस कधी नव्हता. त्याच्यासाठी मला वाईट वाटतं. रोज सकाळी मी अजून त्यालाच काहीतरी सांगायला जातो आणि आठवतं की तो म्हणजे तू. एक सोबती गेला आणि त्याच्या जागी भाऊ उरला. हा सौदा मी मागितला नव्हता.

आता आजचं सांगतो, त्यासाठीच खरं तर हे पत्र.

सकाळी फोनवर एक विनंती आली होती. तुझ्या नावानं. तुझा फोटो, कारखान्याचं पिवळं हेल्मेट घातलेला, जुना, मिशा काळ्या. खाली एकही शब्द नाही. क्षमा नाही, ‘दादा’ नाही. नुसतं नाव, आणि त्याखाली दोन चौकोन: स्वीकारा, काढून टाका.

मी बराच वेळ बघत बसलो. तू इतका सरळ समोरून आलेला मी किती वर्षांत पाहिला नव्हता. आणि मला इतका राग आला की काय सांगू. वाटलं, एवढ्यावर? हेल्मेट घालून आलास की झालं? मी ‘काढून टाका’ दाबलं. चौकोन गेला, तू गेलास, आणि फोन पुन्हा काचेसारखा कोरा.

मग मी चहा केला. तो गार झाला. मग मी चपला घातल्या आणि वाचनालयात गेलो. वर्ग संपला असला तरी बाई वायरी गुंडाळायला आली होती, सिस्टर तिला मदत करत होती.

मी म्हटलं, ‘बाई, विनंती काढून टाकली तर परत आणता येते का?’

‘नाही आजोबा. ती गेली. त्यांनाच पुन्हा पाठवावी लागेल.’ मग वायरीचं वेटोळं हातात धरून जरा थांबली. ‘किंवा तुम्ही त्यांना पाठवू शकता. तुम्हाला येतं ते.’

‘तो धडा झाला त्या दिवशी मी गैरहजर होतो.’

‘तुम्ही एकही दिवस गैरहजर नव्हता,’ सिस्टर म्हणाली.

मी जिना उतरलो. पायांत कविता आली नाही, पायऱ्याच आल्या.

तर असं आहे. तुलाच पुन्हा विचारावं लागेल. हा नियम माझा नाही, ज्यांनी ते यंत्र केलं त्यांचा आहे. मी सकाळी चहाच्या वेळी फोन बघतो, दुपारी जेवणानंतर एकदा, आणि हल्ली मधेच केव्हाही.

दादा